अप्पांच्या ट्रॅक्टरचे बारा

तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, तार गुंडाळली. ऐकणारा बुचकळ्यात पडतो. बाईमाणूस म्हणजे शिवणकाम असेल, फार तर लोकरीचं विणकाम, असा त्याचा अंदाज असतो. मग मला पुढचं सांगावं लागतं. विहिरीवरची मोटार, पिठाच्या गिरणीची मोटार, जीपचा डायनॅमो, या सगळ्यांच्या पोटात तांब्याची तार वेढे घालून बसवलेली असते. ती जळली की यंत्र बंद. जळकी तार कापून काढायची, खाचा खरवडून साफ करायच्या, त्यात कागद घालायचा आणि नवी तार तितक्याच वेढ्यांनी, तितकीच घट्ट पुन्हा बसवायची. याला वायंडिंग म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'मोटार भरणं' म्हणतात. लातूरला रेणापूर नाक्याजवळच्या दुकानात मी हे काम डोळे साथ देत होते तोवर केलं.

मी मूळची हदगावकडची. शाळा सुटली तेव्हा नांदेडला मामाकडे राहायला गेले. मामाचं वायंडिंगचं दुकान होतं. वेढे मोजताना त्याला कुणी हाक मारली की आकडा चुकायचा आणि सगळं पुन्हा उलगडावं लागायचं, म्हणून त्यानं मला शेजारी बसवून मोजायला लावलं. पुढे मोजणारीच भरायला लागली. माझ्यासाठी मुलगा बघतानाही मामानं घरदार फारसं बघितलं नाही, मुलगा पक्कड कशी धरतो ते बघितलं. मुलगा लातूरचा, गाड्यांची वायरिंग करणारा. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, लग्नानंतर मीही मिस्त्रीच म्हणू लागले. लातूरकरांना माझ्या बोलण्याची गंमत वाटायची. मी "काय करून राहिले?" म्हटलं की ते म्हणायचे, "वहिनी, हितं 'काय करायलाव' म्हणत्यात."

दुकानात मिस्त्री पुढे बसत, मी मागे. यंत्र उघडणं आणि बसवणं त्यांचं, भरणं माझं. एका गिरणीवाल्याला हे कुठूनसं कळलं. मोटार टेबलावर ठेवत तो म्हणाला, "मिस्त्री, ही तुमच्या हातानं भरा. बाईच्या हातची नको."

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भरतो की. पर मी भरली तर आठवड्यात वापस आणाल. दुकान कुठं हाय ते तर ठाऊकच हाय तुम्हाला."

तो मोटार ठेवून गेला. पुढे त्याच्या गिरणीची प्रत्येक मोटार मागच्याच खोलीत भरली गेली आणि त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

ही गोष्ट मात्र मोटारीची नाही, ट्रॅक्टरची आहे. लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झालं, त्याच्या पुढच्या काही वर्षांतली. गावात रोज नव्या कचेरीची पाटी लागत होती. रंगाऱ्यांचा हात मोकळा नव्हता. आणि बाहेर, खेड्यापाड्यांत, पावसानं पाठ फिरवली होती. दुष्काळानं आमच्या धंद्याला आधी हात दिला आणि मग ओढून घेतला. विहिरी आटायला लागल्या तशा मोटारी कोरड्या फिरून जळाल्या. आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यानंतर विहिरीत पाणीच उरलं नाही. पाणी नाही तर मोटार कोण चालवणार, आणि चालली नाही तर जळणार कशी? मागची खोली रिकामी झाली. नव्या कचेऱ्यांच्या जुन्या जीपगाड्या नसत्या तर आम्हाला दुकान मिटून बसावं लागलं असतं.

त्या दिवसांत एका सकाळी दुकानासमोर एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला पटका, कपाळावर विभूतीचे पट्टे, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्याच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई, आणि तिच्या हातात पोत्यात बांधलेलं काहीतरी जड.

"मिस्त्री तुम्हीच का?" म्हातारा म्हणाला. "मी बसवराजचा बाप. ही त्याची मंडळी, महानंदा."

बसवराज आम्हाला माहीत होता. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई लागलेला मुलगा. कचेरीच्या जीपबरोबर दुकानात यायचा. त्याचं गाव जळकोटच्या पुढे, आडबाजूला. वडिलांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीही अप्पाच म्हणालो.

महानंदानं पोतं सोडलं. आत एक जुना, जाडजूड डायनॅमो होता. इंजिन फिरतं तेव्हा पट्ट्यानं फिरून बॅटरी भरतो तो डायनॅमो. अप्पांकडे अमेरिकन बनावटीचा लाल ट्रॅक्टर होता, रझाकाराच्या धामधुमीनंतर हैदराबादला निघून गेलेल्या एका जहागीरदाराकडून घेतलेला. पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर चालवायचा. त्याची सगळी विजेची व्यवस्था सहा व्होल्टची होती. आपल्याकडच्या जीपा, ट्रक बारा व्होल्टचे. त्यामुळे त्याला लागणारी बॅटरी, दिवे, काहीच बाजारात मिळेनासं झालं होतं. होती ती बॅटरी बसली होती. अप्पा पुढून लोखंडी हँडल मारून ट्रॅक्टर सुरू करायचे. एक दिवस हँडल उलटलं आणि मनगट मोडलं.

एरवी तो ट्रॅक्टर तसाच पडून राहिला असता. पण गावाला पाणी त्याच ट्रॅक्टरनं येत होतं. पलीकडच्या माळावर एका बोअरला पाणी लागलं होतं. मध्ये वाळूचा रुंद नाला. सरकारी टँकरचा ट्रक त्यात रुतायचा, ट्रॅक्टर निघायचा. ट्रॉलीत पत्र्याची टाकी ठेवून अप्पा दिवसभर खेपा करायचे. बोअरवर रांग, लाईट जाणं-येणं; तेवढा वेळ इंजिन चालू ठेवायला रॉकेल कुठलं? दर खेपेला बंद करायचं, दर खेपेला पुन्हा सुरू करायचं. आता हात मोडल्यावर गावातली तरणी पोरं हँडल मारायला यायची, पण हँडल उलटण्याच्या भीतीनं कुणी पूर्ण जोर लावत नव्हतं. आणि चालवणारं तर अप्पांशिवाय कुणी नव्हतंच.

"मला चालवता येतोय," महानंदा हळूच म्हणाली. "अप्पांच्या बाजूला बसून शिकले. फकस्त हँडल मारवत न्हाई. सेल्फ लागला तर मी एकटी खेप करीन."

सेल्फ म्हणजे बटन दाबल्यावर इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार. ती ट्रॅक्टरला होती. तिला पाजायला बॅटरी नव्हती.

"मग बाराचंच करू सगळं," मिस्त्री म्हणाले. "जीपची बॅटरी, जीपचा डायनॅमो."

अप्पांचा चेहरा कडू झाला. "बारा म्हणू नका. मागं एका मिस्त्रीनं बाराची बॅटरी तशीच लावली. दिवे फटाफट उडाले, कॉइल जळाली, आन वर मला म्हणला, गाडी खराब हाय. गाडी खराब न्हवती, तो खराब हुता. सहाची गाडी हाय, सहाचीच राहू द्या. तिचे बारा वाजवू नका."

"अप्पा, सहाची बॅटरी न्हाई घावत," महानंदा म्हणाली. "लातूरला न्हाई, उदगीरला न्हाई. ह्यांनी हैदराबादलाबी विचारून बघितलं."

मिस्त्रींना गिऱ्हाइकाला समजावून सांगायची भारी हौस. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "अप्पा, व्होल्ट म्हंजे पाण्याच्या टाकीची उंची समजा. तुमची टाकी कमरेएवढी. पाणी हळू येतंय, म्हणून नळ जाड लागतोय. नळ जरा गंजला की पाणी बंद. टाकी डोक्याच्या वर नेली की बारीक नळालाबी जोर येतोय."

"आन त्या जोरानं नळ फुटला तर?"

"म्हणूनच नुसती टाकी उचलायची न्हाई. जे नळ फुटण्यासारखे हायत ते आधी बदलायचे. त्या मिस्त्रीनं टाकी उचलली, नळ तसेच ठेवले."

अप्पांनी डाव्या हातानं डायनॅमो आपल्याकडे ओढला. म्हणाले, "करा. पर डायनॅमो हाच ठेवा. उपरा डायनॅमो माझ्या गाडीला लावायचा न्हाई."

मिस्त्रींनी मान डोलावली खरी, पण गावी ट्रॅक्टर बघायला जाताना पिशवीत जीपचा डायनॅमो घालून घेतलाच. बसवून दाखवला की म्हातारा ऐकेल, असा त्यांचा हिशोब. संध्याकाळी पिशवी घेऊन परत आले. जीपचा डायनॅमो लांबीला जास्त होता, पंख्याला घासत होता. ब्रॅकेट इंजिनाच्या बिडाच्या लोखंडातच ओतलेलं, ते कापता येईना.

"म्हाताऱ्याचंच खरं झालं," ते म्हणाले. "आता तूच भर."

भरणं तेवढं सोपं नव्हतं. मोटार भरताना जितके वेढे आधी होते तितके मोजून पुन्हा घालायचे असतात; नक्कल करायची असते. इथे नक्कल करून भागणार नव्हतं. सहाचे बारा करायचे म्हणजे त्याच खाचांत जवळजवळ दुप्पट वेढे बसवायचे. खाच काही मोठी होत नाही, तेव्हा तार बारीक घ्यायची. बारीक तार नाजूक. ओढताना तिच्यावरचा इनॅमलचा पातळ थर खरवडला गेला की आतल्या आत चिकटते आणि सगळं जळतं. मामाच्या दुकानात मी असं काम होताना एकदाच बघितलं होतं, तेही दुसऱ्या कुणाचं.

मी जुना गुंडा, म्हणजे डायनॅमोच्या पोटात फिरणारा तारेचा भाग, उघडायला घेतला. मला तो उघडवेना. इतकी सुरेख भरणी मी तोवर बघितली नव्हती. वेढ्याशेजारी वेढा, केसाची फट नाही, टोकं सुती दोऱ्यानं बांधून त्याची गाठ आत दडवलेली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी हे भरलं होतं. ती बाई असेल असं मला उगीचच वाटलं. गाठ तशी बाईच्या हातची वाटत होती. त्या अनोळखी हाताला मनातल्या मनात नमस्कार केला आणि तार कापली.

पहिल्यांदा भरला तो मला पसंत पडला नाही. शेवटचे वेढे खाचेच्या वर आले होते. मिस्त्री म्हणाले, "ठोकून बसव की." मी म्हटलं, "ठोकून बसवायला तो खिळा आहे का?" आणि सगळा उलगडून, आणखी पातळ कागद घालून पुन्हा भरला. या वेळी बसला. बॉडीच्या आतल्या दोन्ही मोठ्या कॉइली, ज्यांनी लोहचुंबक तयार होतं, त्याही तशाच बारीक तारेनं भरल्या. वर वार्निश पाजलं. एरवी वार्निश वाळवायला कोळशाची शेगडी पेटवावी लागायची. त्या वर्षी डायनॅमो पत्र्यावर नुसता उन्हात ठेवला, आणि तो भाजून निघाला. दुष्काळाचा तेवढा एक उपयोग झाला.

बसवायला आम्ही दोघंही गेलो. एसटीनं जळकोट, तिथून बैलगाडी. पोचायला संध्याकाळ झाली, म्हणून सामान अप्पांच्या ओसरीवर ठेवलं आणि मुक्काम केला. महानंदानं गरम ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याच्या डाळीचं घट्ट पिठलं वाढलं. पाणी मात्र लहान फुलपात्रात दिलं आणि संकोचून म्हणाली, "अक्का, आणखी लागलं तर मागा." मी मागितलं नाही.

सकाळी ट्रॅक्टर वडाखाली उभा केला. बघायला गाव लोटलं, बायका रिकाम्या घागरी घेऊनच आल्या. मिस्त्री कामाला लागले. बॅटरी बाराची. प्लगला ठिणगी देणारी कॉइल जीपची. दिव्यांत बसचे बल्ब. डायनॅमोवर ताबा ठेवणारा कटआउटही नवा. सेल्फ मात्र तोच ठेवला. सेल्फला दुप्पट जोर थोडा वेळ चालतो, फक्त बटन दाबून धरायचं नाही. मिस्त्रींनी महानंदाकडून हे दोनदा म्हणवून घेतलं. आणि एक उलटापालट करायची होती. बॅटरीची एक तार गाडीच्या सांगाड्याला जोडतात. जीपेला तिथं वजा टोक असतं, या ट्रॅक्टरला अधिक होतं. ते आम्ही सुलटं करून जीपेसारखं केलं.

महानंदा सीटवर बसली. पदर कमरेला खोचला, चावी फिरवली, बटन दाबलं. इतक्या जोरात आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. इंजिन एका दमात सुरू झालं. पोरं ओरडली. अप्पांची मिशी हलली.

पण मिस्त्री हसत नव्हते. डायनॅमो बॅटरी भरतोय की नाही हे सांगणारा काटा उलटसुलट नाचत होता आणि कटआउट तडतडत होता. त्यांनी घाईनं इंजिन बंद करायला लावलं.

"भरण्यात काय गडबड?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

सगळं गाव बघत होतं. मनात पुन्हा एकदा वेढे मोजले, टोकं आठवली. भरण्यात गडबड नव्हती. मग लक्षात आलं. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबक शिल्लक राहतं. त्याची दिशा बॅटरीशी जुळावी लागते, नाही तर तो उलटी वीज करतो. ती दिशा मी दुकानातच बॅटरीची तार टेकवून लावून दिली होती. मग बदलली कशी?

"डायनॅमोला रात्री कुणी हात लावला होता का?" मी मोठ्यानं विचारलं.

अप्पा दुसरीकडे बघत म्हणाले, "मी जरा फिरवून बघितला."

"कशानं?"

"जुन्या बॅटरीत थोडा दम हुता. तुम्ही जेवत हुतात तवा लावून बघितली. फिरतोय का न्हाई ते बघावं म्हणलं. बाईच्या हातानं भरलाय, इस्वास तर ठेवला पाहिजे, पर बघून ठेवला पाहिजे."

"तार कशी लावली? अधिक टोक बॉडीला?"

"तर. ह्या गाडीला तसंच लावायचं असतंय. तीस-बत्तीस वर्सं तसंच लावलं."

मिस्त्री मटकन खाली बसले आणि हसू लागले. अप्पांनी जुन्या सवयीनं उलटी बॅटरी लावून डायनॅमोला पुन्हा जुनी दिशा दिली होती. मी तारेचा तुकडा घेतला, बॅटरीच्या बाजूचं टोक डायनॅमोच्या टोकाला क्षणभर टेकवलं. बारीक ठिणगी उडाली. "आता चालव," मी महानंदाला म्हटलं.

काटा एकदाच हलला आणि अधिकाच्या बाजूला जाऊन थांबला. इंजिनाचा वेग वाढवला तसा आणखी पुढे सरकला. बारा व्होल्टचा डायनॅमो, माझ्या हातचा, बॅटरी भरत होता. दिवसाढवळ्या मिस्त्रींनी पुढचे दोन्ही दिवे लावून ठेवले, कुणी सांगूनही बंद करेनात.

पहिल्या खेपेला मी महानंदाबरोबर गेले. मडगार्डवर बसून, दोन्ही हातांनी लोखंड धरून. नाल्याच्या वाळूत ती जराही कचरली नाही. बोअरवर मात्र रांग लांबली, लाईट गेली, परत आली, आणि टाकी भरेपर्यंत सूर्य कलला. तिनं बटन दाबलं. तापलेलं इंजिन लगेच उचलेना. तिनं बटन धरून ठेवलं. खाडकन आवाज झाला आणि सगळं गप्प. ना सेल्फ फिरे, ना काही.

तिचा चेहरा उतरला. "अक्का, जळाला का?"

मी वास घेतला. जळक्या तारेचा वास मला झोपेतही ओळखता आला असता. तो नव्हता. दुप्पट जोरानं सेल्फचं दातेरी चाक इंजिनाच्या चाकात जाऊन अडकलं होतं. मिस्त्री गिऱ्हाइकांना काय सांगतात ते पुढच्या खोलीतून रोज कानावर यायचं. मी तसंच सांगितलं. "चावी बंद कर. ट्रॉली सोडव. वरचा गिअर टाक. आता सगळ्या मिळून मागे ढकला."

रांगेतल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. एरवी त्या पाण्यावरून भांडत होत्या; आता साऱ्यांनी पदर खोचून ट्रॅक्टरच्या तोंडाला हात लावले. मागे, पुढे, पुन्हा मागे. एकीनं विचारलं, "लग्नातली गाडी हाय का ही, ढकलून पाठवायची?" हसण्यातच जोर लागला आणि आतून 'टक्' असा आवाज आला. चाक सुटलं. महानंदानं बटन दाबलं, लगेच सोडलं. इंजिन सुरू झालं. तिनं कपाळाचा घाम पुसला. "आता धरून बसायची न्हाई. कळलं."

ट्रॉली पुन्हा जोडून परतताना अंधारून आलं. तिनं दिवे लावले. गावाच्या या बाजूनं शिरताना आधी गावकुसाबाहेरची, आमच्या समाजाची वस्ती लागते. आजवर टाकी मारुतीच्या पारापाशी जाऊन थांबायची आणि वस्तीच्या बायका शेवटी यायच्या, उरलं तर. महानंदानं ट्रॅक्टर वस्तीपाशीच उभा केला. "हितं आधी भरा. वाटेतच हाय की," ती म्हणाली. पारावरून दोघं-तिघं चालत आले, बघून गेले. कुणी काही म्हणालं नाही. म्हणायचं तर ट्रॅक्टर स्वतः चालवावा लागला असता. त्या वस्तीत मी पोटभर पाणी प्याले.

अप्पा पारावर बसले होते. ट्रॅक्टर पुढे आला तसे उठून उभे राहिले. दिवे डोळ्यांवर आले तरी त्यांनी मान वळवली नाही. "माळावरनंच दिसले," ते मिस्त्रींना म्हणाले. "सहावर येवढे लांबनं कवाच दिसले न्हवते."

महानंदानं तो सगळा उन्हाळा खेपा केल्या. सुरुवातीला बघायला जमणारी पोरं पुढे पांगली. बाई ट्रॅक्टर चालवते यात बघण्यासारखं काही उरलं नाही. मला ती म्हणायची, "अक्का, या एकदा, तुम्हाला शिकवते." मी दर वेळी पुढच्या वेळी म्हटलं आणि शिकायचं राहून गेलं. त्याची हळहळ आजही आहे. मिस्त्री आता नाहीत. दुकान आहे, पण तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. जळलेलं आता कुणी भरत नाही, फेकतात आणि नवं आणतात. तक्रार नाही. पण तारेचा वेढा बोटाखाली नीट बसला की हाताला जे समाधान मिळतं, ते कव्हर विकून मिळत असेल असं वाटत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. सोयाबीन अजून आमच्याकडे रुळलं नव्हतं, ज्वारी आणि मूग चांगले आले. रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर एक दिवस अप्पा ट्रॅक्टर घेऊन थेट लातूरला आमच्या दुकानासमोर हजर. चालवत महानंदा होती. अप्पांनी तिला समोरच्या हॉटेलात चहा सांगायला पाठवलं आणि मग मिस्त्रींच्या कानाशी लागले.

"मिस्त्री, हे बारा काढा. परत सहाचं करा."

"कामून? बिघडलं काय?"

"बिघडलं न्हाई, तेच तर. कुणीबी उठतंय आन बटन दाबतंय. पुतण्या घेऊन जातोय, भाचा घेऊन जातोय. परवा सरपंचाचा पोरगा नुसता चक्कर मारून आला. सहावर असताना ती फकस्त माझं ऐकायची. हँडल कसं मारायचं ते मलाच जमायचं."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी हसू दाबलं. सहाचं परत करायचं म्हणजे माझी भरणी पुन्हा उलगडायची. ते मी करणार नव्हते. मी म्हटलं, "अप्पा, बाराच राहू द्या. तुमच्यापुरती सोय करून देऊ का?"

मिस्त्रींनी सीटखाली, हात घालून चाचपल्याशिवाय सापडणार नाही अशा जागी एक लहान बटन बसवलं. ते दाबल्याशिवाय कॉइलला वीज जायची नाही. चावी फिरवा, सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरेल, सुरू होणार नाही. अप्पांनी दोनदा करून बघितलं. भलतेच खूश झाले. "आता बगू कोण नेतोय," म्हणत मिशीवर हात फिरवला.

महानंदा चहा घेऊन आली. पिऊन झाल्यावर सीटवर चढली. चावी फिरवली, बटन दाबलं. इंजिन नुसतं फिरलं. तिनं पुन्हा दाबलं आणि लगेच सोडलं, शिकवल्यासारखं. मग गोंधळून अप्पांकडे बघितलं.

अप्पा शांतपणे मडगार्डवर चढले, तिच्याशेजारी बसले. आम्हाला वाटलं आता गंमत बघतील. पण त्यांनी इकडेतिकडे बघितलं, रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही याची खात्री केली आणि तिचा हात धरून सीटखाली नेला.

"हे बग, हितं हाय," ते हळूच म्हणाले. "कुणाला सांगू नको. बसवराजलाबी न्हाई."